किल्लीवरचं माणूस

गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, तपासायला दोन माणसं लागतात. एक किल्लीवर आणि एक बॉनेटखाली. बॉनेटखालच्यानं ‘मार’ म्हटलं की किल्लीवरच्या माणसानं सेल्फ मारायचा, ‘बास’ म्हटलं की सोडायचा. एवढंच त्याचं काम. अक्कल सगळी बॉनेटखाली लागते, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. आमच्या घरात बॉनेटखाली मी असायचो आणि किल्लीवर बायको.

गेल्या वर्षी पौषात ती गेली. सकाळी तिनं गॅसवर चहा ठेवला, दोन कप काढले आणि ओट्याला धरून खाली बसली. तिला उचलून गाडीत घातलं, तेव्हा गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं या गाडीला मी पुष्कळ शिव्या घातल्या आहेत. त्या दिवशी गाडीची काही चूक नव्हती. आम्ही नारायणगावच्या दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

मी ओतूरला कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. मुलांना मीटर, वायरी, भिंगं काढून द्यायची, परत मोजून घ्यायची आणि एकच रीडिंग घेऊन पळणाऱ्याला दारातून माघारी बोलवायचं. रीडिंग तीनदा घ्यायचं, हा माझा धर्म. निवृत्त झालो तरी तो सुटला नाही. बायको म्हणायची, तुम्ही आमटी तीनदा चाखता आणि तिसऱ्यांदा म्हणता खारट झाली. पिंपरी पेंढारला आमचं घर मळ्यात आहे, गावापासून थोडं बाहेर. शेत वाट्यानं दिलंय. आता त्या घरात मी एकटा असतो, आणि आमटीबद्दल कोणाची तक्रार नाही.

आम्हाला मूल झालं नाही. त्याचं दुःख करून झालं, वर्षं लोटली, ते आम्ही मागं टाकलं होतं. पण त्याची एक गोष्ट कायमची घरात राहिली. आमच्याकडं जुन्या माणसांत रीत आहे, लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. बहुतेकांच्या बाबतीत ही रीत वर्षा-दोन वर्षांत संपते. बारशाला आजी येते, पोटभर जेवते आणि विषय मिटतो. आमच्या घरी बारसं झालंच नाही. त्यामुळं माझे सासरे या घरचा घोटभर चहा न घेता वारले, आणि सासूबाई, ज्यांना मी मामी म्हणतो, त्या चौतीस वर्षांत जेव्हा केव्हा आल्या तेव्हा आपलं पाणी बरोबर घेऊन आल्या. आधी फिरकीचा पितळी तांब्या असायचा, पुढं प्लॅस्टिकची बाटली आली. अवसरी बुद्रुकची विहीर बाटलीत भरून आमच्या मळ्यात यायची.

बायको त्यावर कधी वाद घालत नसे. आई आली की ती माठातला पेला भरून आईपुढं ठेवायची. आई त्याला हात लावायची नाही. आई गेली की बायको तो पेला उचलायची आणि मागच्या दारच्या कढीपत्त्याला घालायची. मी एकदा वैतागून म्हणालो होतो, कशाला ठेवतेस? ती म्हणाली, “ठेवायचं आपलं काम आहे.” कढीपत्ता मात्र जोमात वाढला.

ती गेल्यावर मी दर रविवारी अवसरीला जाऊ लागलो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. बायको गेल्यावर जावयाचं सासुरवाडीत तसं काही काम उरत नाही. मेव्हणा आदरानं बसा म्हणतो, चहा देतो आणि पिकअप घेऊन मार्केटला जातो. पण मामी ओसरीत असायच्या. थंडीत वाटाण्याच्या शेंगा सोलत बसायच्या, मीही समोर बसून सोलायचो. बोलणं फार नसायचं. जगात दोनच माणसं अशी होती ज्यांना ती पुन्हा दिसायची नाही म्हणून काहीतरी दुखत होतं, आणि ती दोघं एका सुपात शेंगा टाकत होती. माझा सगळा आठवडा त्या दोन तासांवर चालायचा.

मार्गशीर्षात अशाच एका रविवारी त्यांनी विचारलं, वर्षश्राद्ध कधी आहे. मी तिथी सांगितली. हातातली शेंग सोलून त्या म्हणाल्या, “मला न्यायला या, पावणं. पिकअपमदी मला चढवत न्हाई. तिच्या शीटवर बसून यील. तिचं घर एकदा बघून घ्यावं म्हंते, फुडं व्हतंय का न्हाई कुणाला ठावं.”

मी हो म्हणालो. त्याच संध्याकाळी अवसरीहून निघायला किल्ली फिरवली आणि गाडीनं नुसतं ‘टक्’ केलं.

पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तिसऱ्या प्रयत्नाला गाडी सुरू झाली. नंतरच्या आठवड्यात दहाव्या प्रयत्नाला. मग लहर लागेल तेव्हा सुरू होऊ लागली आणि नाहीतर नाही. किल्ली फिरवली की दिवे लखलखीत, हॉर्न खणखणीत, आणि इंजिनाच्या पोटातून एक ‘टक्’. शेजारच्या मळ्यातल्या भाऊंना हे कळलं आणि ते आले. त्यांचं निदान तयार होतं, बॅटरी गेली. मी म्हणालो, बॅटरी गेली असती तर सेल्फ मारताना दिवे मंद झाले असते. ते म्हणाले, “तरी बॅटरीच हाय, लिहून द्या.” मग त्यांनी ट्रॅक्टरची बॅटरी आणून वायरी जोडल्या. ‘टक्’. मग त्यांनी पुढच्या बंपरला लिंबू-मिरची नाही याकडं लक्ष वेधलं. मी त्यांना किल्लीवर बसवलं, म्हटलं मी सांगीन तेव्हाच मारा. त्यांनी मी वाकायच्या आतच मारला, आणि नंतर मी ओरडून सांगितलं तेव्हा ते फोनवर होते. मी त्यांच्यावर खेकसलो. माझा स्वभावच तसा आहे. ते वाईट वाटून न घेता हसत गेले, पण पुन्हा काही फिरकले नाहीत, आणि मीही हाक मारली नाही.

दोन रविवार मी धक्क्यावर काढले. त्यातल्या एका सकाळी शेजारी कांद्याची लागण चालू होती. वाफ्यातल्या पाच-सहा बाया चिखलाच्या हातांनी आल्या आणि त्यांनी गाडी ढकलली. वीसेक पावलांवर इंजिन धरलं. थांबलो तर परत बंद पडेल म्हणून मला थांबता येईना. आरशात पाहिलं तर त्या रस्त्यात उभ्या राहून हसत होत्या, एकीनं हात हलवला. त्यांना साधं थँक्यू म्हणायलाही मी थांबलो नाही, याची रुखरुख मला अवसरीपर्यंत पुरली.

पण मामींना घेऊन असं चालणार नव्हतं. त्या ऐंशीच्या पुढं, गुडघे गेलेले. गाडी वाटेत बंद पडली तर त्या काय धक्का मारणार? भाड्याची गाडी मिळाली असती. पण त्यांनी मला तिची सीट मागितली होती, आणि चौतीस वर्षांत त्यांनी माझ्याकडं मागितलेली ती एकच गोष्ट. तिथीला आठ दिवस उरले होते. आळेफाट्याला मेकॅनिक आहेत, पण गाडी तिथवर न्यायची म्हणजे पुन्हा धक्का, आणि त्यांच्या रांगेत गाडी चार दिवस पडून राहणार. शिवाय खरं सांगायचं तर घरची दुरुस्ती घरी करायची ही आमची सवय होती. आमची म्हणजे दोघांची.

तपासणी साधी असते. सेल्फला जी जाड वायर जाते तिच्या टोकाला मीटर लावायचा आणि किल्ली मारताना तिथं बारा व्होल्ट येतात का ते बघायचं. येत नसतील तर दोष बॅटरीत किंवा वायरीत. येत असतील आणि तरी तो फिरत नसेल, तर दोष त्याच्या पोटात. कॉलेजातलं मूलही हे करील, फक्त त्याला एक जोडीदार लागेल. मीटर बॉनेटखाली असतो आणि किल्ली स्टिअरिंगजवळ, आणि माझे डोळे एकाच ठिकाणी आहेत.

मी एक युक्ती काढली. मीटरच्या वायरी सेल्फच्या टोकाला लावून मीटर बॅटरीवर ठेवला, त्याच्या आकड्यांसमोर मोबाइल उभा केला, तो पडू नये म्हणून मागं एक कांदा लावला, आणि व्हिडिओ चालू केला. मग दारापाशी जाऊन किल्ली फिरवली, ‘टक्’ ऐकलं, परत येऊन मोबाइल बंद केला. स्वतःवर खूश झालो. पायरीवर बसून व्हिडिओ पाहिला.

आधी मीटरचा आकडा दिसतो. बारा पॉइंट पाच. मग माझा आवाज येतो, अगदी सहज, रोजचा.

“हां, मार.”

मग काहीच होत नाही. मागं कुठंतरी मोर ओरडतो. आकडा बारा पॉइंट पाचवरच असतो. नंतर माझ्या चपला वाजतात, दार उघडतं, ‘टक्’ होतं आणि आकडा बारा पॉइंट दोनवर येतो.

मी व्हिडिओ पुन्हा लावला. ‘हां, मार’ आणि चपला यांच्यामध्ये सात सेकंद होते. मी मोजले. माझ्या तोंडून ते गेल्याचं मला माहीतही नव्हतं, आणि म्हटल्यावर मी सात सेकंद बॉनेटला हात लावून वाट बघत उभा होतो.

रीडिंग तीनदा घ्यायचं असतं. दुसऱ्या वेळी मी ओठ घट्ट मिटून घेतले. व्हिडिओत आवाज नव्हता, पण थांबणं तेवढंच होतं. तिसरं रीडिंग मी घेतलंच नाही. पायरीवर बसून रडलो. वर्षभर लोकांसमोर बरा वागलो होतो, दहाव्याला, तेराव्याला, सगळीकडं. त्या दिवशी समोर कोणी नव्हतं आणि रडू थांबवायचं काही कारणही नव्हतं.

निदान मात्र पक्कं झालं होतं. बारा व्होल्ट पोचत होते, दोष सेल्फच्या पोटात होता.

सेल्फ काढायचा म्हणजे आधी बॅटरीची अर्थिंगची वायर सोडायची, मग मागच्या चाकांना दगड लावून पुढची बाजू जॅकवर उचलायची, खाली लाकडी ठोकळे सरकवायचे आणि गोणपाट अंथरून आडवं व्हायचं. तो गिअरबॉक्सला चिकटून बसलेला असतो, दोन लांब बोल्टांवर. वरचा बोल्ट वरून हाताला येतो. खालचा गंजून एकजीव झाला होता. त्यावर डिझेल सोडून दिवसभर तसाच ठेवला, दुसऱ्या दिवशी पान्याला पाइप लावून ताकद लावली. पहिल्यांदा पाना घसरून बोटं सोलली. मी मोठ्यानं एक शिवी दिली. आतून ‘काय झालं’ म्हणून कोणी विचारलं नाही. तेवढ्यानंही थांबायला होतं, हे मला वर्षापूर्वी कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

शेवटचा बोल्ट निघताना आणखी एक अडचण. सेल्फ चांगला वजनदार असतो. एका हातानं तो धरायचा आणि दुसऱ्या हातानं बोल्ट काढायचा, आडवं पडून, तोंडावर गंज पडत असताना. इथंही दुसरा माणूस लागतो. मी घरातून चिंधी आणली. आमच्या घरात चिंध्या म्हणजे सगळ्या तिच्याच जुन्या सुती साड्यांचे तुकडे. निळ्या बुट्टीची एक लांब पट्टी घेऊन सेल्फला पोटाखालून झोळी केली आणि वर एका पाइपाला बांधली. बोल्ट निघाला. सेल्फ झोळीत अलगद बसला. चांगल्या सुताची साडी होती, ओतूरच्या बाजारातून घेतलेली, त्या वेळी मी महाग आहे म्हणून कुरकुरलो होतो.

दुसऱ्या दिवशी तो पिशवीत घालून एसटीनं आळेफाट्याला निघालो. गाडीला खूप गर्दी होती, पिशवी मांडीवर घेऊन बसलो. तिथल्या ऑटो इलेक्ट्रिकवाल्यानं चार स्क्रू काढले आणि झाकण उघडून माझ्यापुढं धरलं. आत सगळीकडं गंज, मध्येमध्ये हिरवी बुरशी, आणि कार्बन म्हणून जे काळे तुकडे असतात ते आपल्या खाचेत चिकटून बसलेले. त्यानं विचारलं, गाडी पाण्यातून नेली होती का. मी नाही म्हणालो. मग त्यानं माझ्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं.

“दसऱ्याला इंजिन धुता का, काका? फवारणीच्या पंपानं?”

मी मान हलवली. तो हसला. आपल्याकडं दसरा झाला की दोन महिन्यांनी हेच सेल्फ येतात, म्हणाला. लोक देवभोळेपणानं बॉनेट उघडतात, एचटीपीची गन लावून इंजिन लखलखीत करतात, वर हळद-कुंकू वाहतात, आणि पाणी नको तिथं जाऊन बसतं. आख्खा तालुका आपल्या गाडीची पूजा करून तिचा जीव घेतो, असं त्याचं म्हणणं होतं.

मला लाज वाटली. तीस वर्षं मी मुलांना ओल्या हातानं उपकरणाला हात लावू नका म्हणून ओरडलो, आणि दर खंडेनवमीला वाटेकऱ्याचा एचटीपी पंप आणून इंजिनावर मारत आलो. ती ताट घेऊन उभी असायची. बास आता, किती धुता, म्हणायची. तिला गाडीला कुंकू लावायची घाई असायची, म्हणून मी पाच मिनिटांत आवरायचो. यंदा घरात दुःख, वर्षभर सण करायचा नाही ही रीत. ताट नाही, हार नाही, पूजा नाही. सगळे आपापल्या अंगणात गाड्यांना झेंडू बांधत होते, आणि मला काय करावं कळेना. धुणं म्हणजे काही सण नव्हे, असं मनाशी ठरवून मी पंप आणला आणि गाडी धूत राहिलो. आतून, बाहेरून, खालून. दोन तास. बास म्हणायला कोणी नव्हतं.

हे सगळं मी त्या इलेक्ट्रिकवाल्याला सांगितलं नाही. त्यानं जुना सेल्फ ठेवून घेतला, दुरुस्त करून ठेवलेला दुसरा दिला, आणि पुढच्या दसऱ्याला ओल्या फडक्यानं पुसा म्हणाला.

बसवायचं काम उलट क्रमानं. पुन्हा गोणपाट, पुन्हा निळ्या बुट्टीची झोळी. पहिला बोल्ट दोन आटे घट्ट, मग दुसरा, मग दोन्ही पूर्ण. जाड वायरीचं टोक कानशीनं घासून चकचकीत केलं. शेवटी बॅटरीची वायर जोडली, हात पुसले आणि किल्लीवर बसलो. किल्ली फिरवली तर गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. बंद केली, पुन्हा सुरू केली. पुन्हा. तीन रीडिंग. अंगणात इंजिन चालू ठेवून मी बाहेर येऊन उभा राहिलो. यशस्वी दुरुस्तीनंतर आमच्याकडं चहा व्हायचा. मी घरात जाऊन चहा केला. दोन कप काढले होते, एक परत ठेवला.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी लवकर अवसरीला पोचलो. मामी नवं लुगडं नेसून तयार होत्या, मांडीवर पाण्याची बाटली. मेव्हणा पिकअपनं मागून येणार होता. मामींना सीटवर बसवलं. बायको बुटकी होती, तिची सीट पुढं सरकवलेली असायची, आणि वर्षभरात ती मागं करायची मला बुद्धी झाली नव्हती. मामींना ती बरोबर बसली. त्यांनी डॅशबोर्डला हात लावून कपाळाला लावला. अगदी ती लावायची तसाच, दोन बोटांनी. मी समोर बघून किल्ली फिरवली.

मंचरच्या चौकात माझ्या हातून क्लच लवकर सुटला आणि गाडी बंद पडली. मागं हॉर्न सुरू झाले. किल्ली फिरवली, एका सेल्फमध्ये सुरू झाली. मामींना काही कळलंच नाही, त्या खिडकीतून उसाच्या गाड्या बघत होत्या. पुढं नारायणगाव आलं. तिथून जाताना त्यांनी विचारलं, “हितंच का?” मी हो म्हणालो. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आम्ही पुढं गेलो.

गुरुजी आले, विधी झाला, भावकी जेवून पांगली. मामी सकाळपासून स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खुर्चीवर बसून होत्या. डबे बघत होत्या, फळीवरचे पेले बघत होत्या. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की त्यांनी दिवसभर पाण्याचा थेंब घेतलेला नाही. बाटली गाडीतच राहिली होती. मी म्हणालो, थांबा, बाटली आणतो.

“ऱ्हाऊ द्या ती,” त्या म्हणाल्या. “माठातलं द्या.”

मी दाराकडून माघारी आलो. मग माठाचं झाकण काढलं, फळीवरचा तोच पेला घेतला जो ती नेहमी भरून ठेवायची, आणि भरून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. एका दमात संपवला.

“लेकीला मूल न्हाई म्हनून पानी पेले न्हाई,” त्या म्हणाल्या. “आता लेकच न्हाई. कुनासाठी राखायचं, पावणं?”

मला राग आला. लोकांना वाटेल की माझे डोळे भरले असतील, पण आधी राग आला. चौतीस वर्षांचे पेले कढीपत्त्याला गेले. एक, फक्त एकच, गेल्या वर्षीच्या पौषाआधी प्यायला असता तर या घरात दिवाळी झाली असती. हे सगळं माझ्या जिभेवर आलं. मग त्यांच्या हाताकडं पाहिलं. पेला रिकामा झाला होता आणि तरी त्या तो खाली ठेवायला तयार नव्हत्या. त्यांनाही तेच कळलं होतं, माझ्याआधी, आणि माझ्यापेक्षा जास्त. मी विचारलं, अजून देऊ का.

“द्या,” त्या म्हणाल्या. “ती सांगायची, आमच्या माठाचं पानी लई गार असतंय. खरंच हाय.”

संध्याकाळच्या आत त्यांना अवसरीला सोडून परत आलो. ऊन उतरलं होतं, लागणीच्या बाया कधीच घरी गेल्या होत्या. अंगणात गाडी लावली, इंजिन बंद केलं, तेव्हा बाजूच्या दाराच्या कप्प्यात ती बाटली दिसली. तोंडापर्यंत भरलेली, झाकण तसंच. दिवसभरात मला एकच बातमी कळली होती आणि ती सांगण्यासारखं जगात एकच माणूस होतं.

मी त्या सीटकडं तोंड करून, मोठ्यानं, या वेळी पूर्ण शुद्धीत म्हणालो, “तुझी आई पाणी प्यायली. दोन पेले.”

मग थांबलो. सात सेकंदांपेक्षा जास्तच थांबलो असेन. उसाच्या कडेला अंधार व्हायला लागला, बिबट्या बाहेर पडायची वेळ झाली. काच वर केली, किल्ली काढून घेतली आणि घरात गेलो.